बन्सी गव्हाचा संकर लवकर पक्का करायचा आहे: घरच्या खोलीत वर्षाला चार पिढ्या निघतील का?

कादवाकाठ (निफाड तालुका)

रामराम. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच मांडतो.

आमच्याकडे रब्बीत कांदा आणि गहू. गव्हाचं बहुतेक रान लोक-१ खाली असतं, पण विहिरीपासून लांबच्या चढावरच्या तुकड्यात दरवर्षी घरचा जुना बन्सी पेरतोच. तो बाजारात जात नाही, शेवयांना आणि रव्याला लागतो. माझी आजी दुसऱ्या गव्हाच्या शेवया करायला बसतच नाही. तिचं म्हणणं, बाकीच्या गव्हाची शेवई दुधात पडली की गिचका होतो, बन्सीची उभी राहते. ते खरंही आहे, आम्ही सगळ्यांनी खाऊन पाहिलंय.

पण हा बन्सी छातीपर्यंत वाढतो. एक पाणी जास्त झालं आणि वरून वारा सुटला की सगळा आडवा. तांबेराही (पानांवर तांबडी पूड आणणारा बुरशीरोग) लवकर धरतो. म्हणून दरवर्षी तुकडा लहान होत चाललाय. वडील म्हणतात सोडून दे, विकत आण. विकत मिळतो तो बन्सी आमचा नाही.

मी बी.एस्सी. ॲग्री केलंय. संकर कसा करायचा ते प्रात्यक्षिकात हाताला बसलं होतं, म्हणून गेल्याच्या गेल्या रब्बीत घरच्या बन्सीवर गोदावरी या बुटक्या वाणाचा (एनआयडीडब्ल्यू २९५) पराग टाकला. दोन्ही ड्युरमच, म्हणजे रव्या-शेवयांचा कडक गहू, पोळीच्या सरबतीची भानगड मध्ये नाही. एका फुलात तीनच पुंकेसर, पण ते न फुटता चिमट्याने काढायचे आणि ओंबीला बटर पेपरची पिशवी घालायची, याला फार चिकाटी लागते. दाणे धरले. गेल्या रब्बीत त्यांची पहिली पिढी उगवली, उंचीला दोघांच्या मधली. त्या झाडांचं बी आता बरणीत आहे. म्हणजे या नोव्हेंबरला दुसरी पिढी, एफ-टू, पेरायची.

आता हिशेब. वर्षाला एकच पिढी घेतली तर एफ-सिक्सला, म्हणजे एका वंशाची झाडं जवळपास सारखी निघू लागतात त्या सहाव्या पिढीला, पोचायला अजून चार रब्बी हंगाम जातील. त्यानंतर पारख, मग बी वाढवणं. आजी ऐंशीच्या पुढे आहे. ओंबी हातात घेऊन, शेवई करून, हा आपला बन्सी आहे की नाही हे सांगणारं घरात तिच्याइतकं कोणी नाही. मला तिच्या हातून पारख करून घ्यायची आहे.

परदेशात खोलीत बावीस तास दिवे लावून गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्या काढतात असं वाचलं. आमच्या कांदाचाळीला लागून एक पक्की खोली आहे, दहा बाय बारा, वर स्लॅब. पूर्वी तिथं द्राक्षाची औषधं ठेवायचो. तिथं एलईडी लावून हे जमेल का? वीज किती जाईल? आणि घाईने काढलेल्या दाण्याचं झाड कमजोर निघतं का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

---

पैदासशास्त्र_विद्यार्थिनी

दादा, मी सध्या याच पद्धतीवर काम करते, गव्हातच. जमेल. पण खोलीची तयारी नीट करावी लागेल.

तुम्ही वाचलंय ते काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले ली हिकी आणि इंग्लंडमधलं जॉन इनेस सेंटर यांनी मिळून केलेलं. बावीस तास उजेड, दोन तास अंधार, उजेडात २२ अंश तापमान, अंधारात १७. एवढ्यावर गहू, ड्युरम, जव आणि हरभऱ्याच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या निघाल्या. गहू मुळात लांब दिवसाचं पीक. दिवस लांबला की त्याला फुलायची घाई होते. साधारण पाच-सहा आठवड्यांत ओंबी फुलोऱ्यात येते. आपल्याकडच्या गव्हाला कोवळेपणी कडाक्याच्या थंडीत ठेवावं लागत नाही, युरोपातल्या हिवाळी गव्हाला लागतं. तो वेळ आपला आयता वाचतो.

दाणा पूर्ण वाळायची वाट पाहायची नाही, ही दुसरी बचत. फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांत हिरवी ओंबी काढायची, सावलीत वाळवायची, दाणे ओल्या टिपकागदात गुंडाळून काही दिवस फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पेरायचे. दाणा सुरकुतलेला, हलका दिसतो. उगवतो मात्र. झाड कमजोर निघतं का म्हणाल तर खोलीतलं झाड बारीकच असतं, एखाद-दुसरा फुटवा आणि ओंबीत थोडे दाणे. पण तो दाणा पुढे मोकळ्या रानात पेरला की झाड नेहमीसारखं होतं. बारीकपणा जागेचा आणि घाईचा असतो, वंशात उतरत नाही.

विजेचं. दोन चौरस मीटरच्या रॅकवर साधारण ४०० वॉटचे चांगले एलईडी लागतील. बावीस तास म्हणजे दिवसाला ८.८ युनिट, महिन्याला २६४. घरगुती मीटरवर टाकलं तर तुम्ही वीजदराच्या वरच्या टप्प्यात जाल, ते धरून चाला. एसीची वीज वेगळी, आणि खरा खर्च तोच आहे. निफाडला डिसेंबर-जानेवारीत एसी लागणार नाही, उलट दिव्यांच्या उष्णतेनेच खोली उबदार राहील. एप्रिल-मेमध्ये मात्र स्लॅबच्या खोलीत २२ अंश राखणं महाग पडेल. तेव्हा सरळ थांबा. माझं गणित असं: नोव्हेंबर ते जानेवारी एफ-टू, मार्चअखेरपर्यंत एफ-थ्री, उन्हाळा बंद, जूनपासून एफ-फोर, ऑगस्ट ते ऑक्टोबर एफ-फाइव्ह. पुढच्या नोव्हेंबरला एफ-सिक्सचं बी वावरात. चार वर्षांचं काम एका वर्षात. तासाभरासाठी वीज गेली तर काही बिघडत नाही, फुलोरा थोडा पुढे जातो इतकंच.

प्रत्येक झाडाचा एकच दाणा पुढच्या पिढीला घ्यायचा. सुरुवातीला दोनशे झाडं असतील तर शेवटी दोनशेच्या आसपास वेगवेगळे वंश हातात राहतात. लहान कप्प्यांच्या ट्रे घ्या, मोठ्या कुंड्यांत झाड रेंगाळतं. एक दाणा मरू शकतो, म्हणून दोन पेरा आणि एक ठेवा.

दोन गोष्टी तुम्हाला द्राक्षामुळे माहीत असतील. बंद खोलीत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, पंखा सतत चालू हवा. आणि इतक्या वेगाने वाढणाऱ्या पानांची टोकं कॅल्शियमअभावी जळतात, तेव्हा कॅल्शियम नायट्रेटची हलकी फवारणी.

---

गहू_निवृत्त (नाशिक)

ताईंनी खोलीचं नेमकं सांगितलं, त्यात मला भर घालायची नाही. मी उभी नोकरी गव्हाच्या पैदाशीत काढली. त्यामुळे खोलीच्या बाहेरचं सांगतो. कादवाकाठ, तुझा हिशेब वाचून मला आनंद झाला, आणि काळजीही वाटली. वेळ पिढ्यांमध्ये जातो असं तू धरलंस. तो तिथे जातो, पण त्याहून जास्त पुढे जातो.

पिढ्या पळवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकी गहू पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत १९४५ च्या सुमारास हेच सुरू केलं, दिव्यांशिवाय. हिवाळ्यात उत्तरेला सोनोराच्या सखल, गरम खोऱ्यात पीक घ्यायचं, सोंगणी झाली की तेच बी घेऊन तोलुकाच्या पठारावर, २,६०० मीटरच्या वर, उन्हाळ्यात पेरायचं. वर्षाला दोन पिढ्या. बी विश्रांतीशिवाय पेरू नये असं शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. बोरलॉग यांनी ऐकलं नाही. वेळ निम्मा झाला, पण त्याहून मोठं जे हाती लागलं ते ठरवून केलेलं नव्हतं. दोन ठिकाणी दिवसाची लांबी वेगळी, हवा वेगळी, तांबेऱ्याच्या जाती वेगळ्या. दोन्हीकडे टिकली तीच झाडं पुढे गेली. म्हणून तो गहू मेक्सिकोतून उचलून पंजाबात लावला तरी फुलला. १९६६ साली आपण १८,००० टन बी आणलं ते हेच.

आपल्याकडेही तसंच. मार्चमध्ये इथली सोंगणी झाली की निवडलेल्या ओंब्यांचं बी कापडी पिशव्यांत, पिशवीच्या आत एक चिठ्ठी आणि बाहेर एक चिठ्ठी, असं बांधून निलगिरीत वेलिंग्टनला जायचं. तिथे पावसाळ्यात गहू उभा राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत आणलं की नोव्हेंबरच्या पेरणीला तयार. हिमाचलात लाहौलच्या दलंग मैदानातही अशीच बिगरहंगामी लागवड होते. वेलिंग्टनला मी जाऊन आलोय. तिथे तांबेरा बारमाही असतो. धुक्यात ओल्या पानांवरून हात फिरवला की बोटं तांबडी होतात. दोन तासांत कळतं कोणता वंश ठेवायचा आणि कोणता उपटायचा. पिढी पुढे गेली हा एक फायदा, शत्रूसमोर उभी राहून गेली हा दुसरा. मी दुसरा जास्त मोठा मानतो.

तुझ्या खोलीत शत्रूच नाही. तांबेरा नाही, फेब्रुवारीचा उन्हाचा चटका नाही, वारा नाही. तिथे दोनशे वंश पक्के होतील, पण पक्के होणं म्हणजे चांगले होणं नव्हे. दोनशेपैकी किती टाकाऊ आहेत हे तुला पुढच्या नोव्हेंबरनंतरच कळायला लागेल. यात गैर काही नाही, फक्त आधीच समजून घे. म्हणजे पहिल्या वर्षाच्या वेगावर खूश होऊन तू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कामात हात आखडणार नाहीस.

उंचीची निवड मात्र तू खोलीतही करू शकतोस, आणि त्याचं औषध तुझ्या घरात पडून असेल. जीए! द्राक्षाच्या घडांना वापरता ते जिबरेलिक ॲसिड. बहुतेक बुटक्या ड्युरम वाणांतलं बुटकेपणाचं जनुक असं आहे की ते झाडाला जीएकडे दुर्लक्ष करायला लावतं. रोपं दोन पानांवर असताना जीएचं सौम्य पाणी दे. उंच वंशाची रोपं काही दिवसांत फिकट पडून सरसर वाढतात, बुटकी जागच्या जागी राहतात. मिश्र असलेली मधली. आधी घरच्या बन्सीवर आणि गोदावरीवर शेजारी-शेजारी करून बघ. फरक स्वच्छ दिसला तर एफ-टूमध्ये वापर. एफ-टूत साधारण चौथा हिस्सा झाडं पक्की बुटकी असतात. म्हणून दोनशेवर थांबू नकोस, रोप म्हणून हजारभर दाणे उगव, जीए दे आणि त्यातली बुटकी तेवढी ट्रेमध्ये लाव. पुढच्या चारही पिढ्या मग बुटक्यांच्याच चालतील आणि तुझी जागा, वीज, मेहनत उंच झाडांवर जाणार नाही. ओंबी यायची वाट न पाहता दोन आठवड्यांत झालेली ही निवड आहे, खरा वेग मी याला म्हणतो.

बरणीतलं सगळं बी खोलीत घालू नकोस. निम्मं याच नोव्हेंबरला वावरात लाव, ओळीत एकेक दाणा वीतभर अंतरावर, म्हणजे प्रत्येक झाड वेगळं बघता येईल. खोली बंद पडली, भुरीने खाल्ली, तरी वंश हातात राहतो. शिवाय डोळ्याला सवय होते. पैदाशीत डोळा फार लागतो, आणि तो फक्त वावरात तयार होतो.

---

भात_नागली_घोटी (इगतपुरी तालुका)

सगळं वाचलं. काका, तुम्ही जीएचं सांगितलं ते फार आवडलं, आमच्याकडे द्राक्ष नाही पण भाऊ दिंडोरीला बागेत कामाला आहे, त्याला विचारते.

माझा प्रश्न आमच्या पिकाचा. आम्ही इंद्रायणी लावतो. भाव तिलाच मिळतो, मुंबईची गिऱ्हाइकं दाराशी येतात. पण परतीच्या पावसात ती सोंगायच्या आधीच लोळते आणि दाणा खाचरातच काळा पडतो. माळावर नागली. नागलीचं बी माझ्या सासूबाईंच्या वेळचं, उशिरा येणारं. पाऊस लवकर गेला की दाणा भरत नाही. आमच्या गटातल्या बायका विचारतात, आपल्या बियाण्यात एवढी एकच खोड काढता येणार नाही का? आवणीला आम्ही वाकतो, कोणतं बी कुठे उभं राहतं ते आम्हाला कळतं. या दिव्यांच्या पद्धतीने भाताचं आणि नागलीचं होतं का?

---

पैदासशास्त्र_विद्यार्थिनी

ताई, भाताला आणि नागलीला बावीस तास उजेड दिला तर उलटंच होईल. ती लहान दिवसाची पिकं. दिवस आखडायला लागला की फुलतात. नुसती पानं वाढत राहतील, लोंबी फार उशिरा येईल किंवा येणारच नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २०२४ मध्ये भातासाठी वेगळी पद्धत मांडली. रोपाला सुरुवातीचे दिवस भरपूर उजेड, मग दिवस दहाच तासांचा. त्यातून वर्षाला चार-पाच पिढ्या निघतात. पण तापमान, आर्द्रता, उजेडाचा रंग हे सगळं काटेकोर लागतं, घरगुती खोलीत मी सुचवणार नाही.

तुमच्या गटातल्या बायकांचा प्रश्न मात्र अगदी नेमका आहे. एकच खोड काढायची असेल तर नवा वाण घडवायचा नसतो, जुन्यात एक जनुक बसवायचं असतं. हवा तो गुण असलेल्या भाताशी संकर, मग पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर, आणि प्रत्येक वेळी रोपाच्या पानाचा तुकडा तपासून डीएनएच्या खुणेवरून ते जनुक आलंय का ते पाहायचं. झाड पिकायची वाट पाहावी लागत नाही. स्वर्णा भातात पुरात तग धरणारं जनुक असंच आणलं, तो स्वर्णा-सब१ आपल्याकडे २००९ मध्ये आला. दोन आठवडे पाण्याखाली राहून पुन्हा वर येतो, बाकी सगळा स्वर्णाच. बाजरीत एचएचबी ६७ सुधारित हा संकरित वाण २००५ मध्ये असाच गोसावी रोगासाठी (कणसाच्या जागी पानांचा झुपका करणारा) दुरुस्त केला. येवला-नांदगावकडच्या लोकांनी गोसावीने गेलेली कणसं पाहिली असतील. इंद्रायणी स्वतः आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला झालेली आहे. तिची उंची आणि काडीची ताकद सुधारणं अशक्य नाही, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे. तुम्ही ही मागणी लेखी, गटाच्या नावाने, इगतपुरीच्या संशोधन केंद्राकडे द्या. आम्हा विद्यार्थ्यांचे विषय ठरतात तेव्हा अशी पत्रं खरंच उपयोगी पडतात.

जनुक संपादनाचं तर अजूनच नवं. मे २०२५ मध्ये सांबा मसुरीपासून केलेला 'कमला' हा भात जाहीर झाला, तो मूळ वाणापेक्षा सुमारे वीस दिवस आधी येतो. पण तो वेगळा विषय, इथे नको.

---

गहू_निवृत्त (नाशिक)

घोटीच्या ताई, नागलीत संकर करणं गव्हाहून कितीतरी अवघड. फूल इतकं बारीक की चिमटा चालत नाही. गरम पाण्यात कणीस बुडवून पराग मारण्याची पद्धत आहे. तरीही कर्नाटकात मंड्याला सी. एच. लक्ष्मणय्या यांनी आयुष्य नागलीला दिलं, भारतीय आणि आफ्रिकी नागलीचे संकर करून 'इंडाफ' मालिकेचे वाण काढले, आणि तिथलं नागलीचं उत्पादन पालटून गेलं.

तुमच्यासाठी मात्र संकराआधी एक सोपं काम आहे. जुन्या घरच्या बियाण्यात सगळी झाडं सारखी नसतात. सासूबाईंच्या नागलीत काही कणसं आठ-दहा दिवस आधी पिवळी होत असणार. गटातल्या प्रत्येकीने आपल्या माळावर त्यांना रंगीत दोरा बांधायचा, प्रत्येक कणीस वेगळं मळायचं आणि पुढच्या पावसात प्रत्येकाची वेगळी ओळ लावायची. नागली स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे वेगळी काढलेली ओळ बरीचशी तशीच राहते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरात अजून किती प्रकारची नागली आहे! दहा गावांतल्या दहा बायकांनी एवढं केलं तर दोन पावसाळ्यांत लवकर येणारी नागली हाताशी येईल. यात वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही.

---

कादवाकाठ (निफाड तालुका)

काका, ताई, मनापासून आभार. जीए घरात आहे, काल रात्रीच दोन ट्रेमध्ये बन्सी आणि गोदावरीचे दाणे टाकले. उगवले की फवारून सांगतो.

खोलीबद्दल ठरवलं. एसी या वर्षी घेत नाही, दिवे आणि पंखा एवढ्यावर मार्चअखेरपर्यंतच्या दोन पिढ्या काढतो. कडाक्याच्या थंडीचं भय नाही, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कितीही उतरला तरी बंद खोलीत दिव्यांची ऊब राहील.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एफ-सिक्सचे वंश वावरात लावल्यावर पारख नेमकी कशी करू? आणि आजीची शेवई कधी करता येईल? शेवटी एखादा वंश चांगला निघालाच तर ते बी गावात देता येईल ना, की परवाना लागतो? गोदावरी विद्यापीठाचा वाण आहे म्हणून धाकधूक आहे.

---

गहू_निवृत्त (नाशिक)

शेवईपासून सुरू करतो, कारण सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. खोलीतल्या झाडाला दाणे मिळतील चिमूटभर. शेवई करायला किमान अर्धा-पाऊण किलो रवा हवा. म्हणजे चवीची पारख खोलीत होऊच शकत नाही, वावरातल्या पहिल्या ओळी पिकल्यावरच होईल. मोठमोठ्या केंद्रांतही हेच होतं. उंची दिसते, तांबेरा दिसतो, म्हणून त्यावर निवड आधी होते. चव सगळ्यात शेवटी येते आणि तोवर चवीचे वंश टाकून झालेले असतात. जुन्या बन्सीची चव नव्या वाणांत का नाही, असं लोक विचारतात, त्याचं एक कारण हे. तू उलट कर. पुढच्या वर्षी ओळी सोंगल्या की फक्त आडवे पडलेले आणि तांबेऱ्याने गेलेले टाक. उत्पन्नावर कोणताही वंश टाकू नकोस. उरतील त्यांचे दाणे आधी आजीसमोर ठेव. दाणा दाताखाली फोडून, हातात घासून ती निम्मे बाजूला करेल. राहिलेल्यांचं पेरणीपुरतं बी राखून बाकीच्याच्या त्याच उन्हाळ्यात शेवया घाल. तिला कोणता वंश कुठला ते सांगू नकोस, वाटीखाली आकडा लिहून ठेव. त्यात घरचा जुना बन्सी आणि गोदावरी याही दोन वाट्या हव्यात.

पारख दोन तारखांना पेरून कर. अर्ध्या ओळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अर्ध्या डिसेंबरच्या मध्यावर. आपल्याकडे सोयाबीन आणि लाल कांदा काढून गहू पेरणारे पुष्कळ आहेत. उशिराच्या पेरणीत दाणा भरायच्या वेळी मार्चचं ऊन येतं, आणि बारीक सुरकुतलेला दाणा कोणत्या वंशाचा होतो ते तिथेच कळतं. तांबेऱ्यासाठी भोवती तुझ्याच जुन्या बन्सीच्या दोन ओळी लाव. तो आधी धरेल आणि रोग आत पसरवेल. मुद्दाम पसरवायचा असतो, घाबरू नकोस, शेजाऱ्याला मात्र आधी सांग. प्रत्येक पाच-सहा वंशांनंतर गोदावरीची एक ओळ तुलनेला. हे सलग दोन रब्बी तरी. एका वर्षाच्या निकालावर वाण ठरवू नये, २०२२ च्या मार्चसारखा उन्हाळा आला की आदल्या वर्षीचा पहिला शेवटचा होतो.

अधिकृत वाण व्हायचा तर अखिल भारतीय समन्वित चाचण्यांची तीन वर्षं, मग सरकारी अधिसूचना, मग पैदासकार बियाणं, पायाभूत, प्रमाणित अशी बी वाढवायची साखळी. गव्हाचं बी एका हंगामात साधारण वीसपट धरतात. किलोभर मूळ बी असेल तर पहिल्या वर्षी वीस किलो, दुसऱ्या वर्षी चारशे, तिसऱ्या वर्षी आठ टन. आठ टनांत ऐंशी हेक्टर पेरतं. एवढी तीन वर्षं कोणताही दिवा वाचवू शकत नाही. आणि त्यापुढची वर्षं तर शेतकऱ्याच्या मनात जातात. लोक-१ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, तू अजून तोच पेरतोस. दरम्यान एकट्या कुंदेवाडीने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान दिले. किती बांधांवर पोचले ते तूच आजूबाजूला बघ. मला नोकरीत सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट हीच. बारा वर्षं खपून काढलेला वाण कपाटातल्या अहवालात राहतो आणि चार कोसांवरच्या शेतकऱ्याला त्याचं पोतंही दिसत नाही. पिढ्या पळवायला पैसा मिळतो, बी पोचवायला मिळत नाही. म्हणून तू गावातला, तुझ्या हातात बी, हे मला फार मोलाचं वाटतं.

कायद्याची धाकधूक नको. २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. संरक्षित वाणही नव्या वाणाचा पालक म्हणून वापरायला त्यात मुभा आहे. शेतकऱ्याला बी राखता येतं, पेरता येतं, देता-घेता येतं, विकताही येतं. फक्त ब्रँडच्या पिशवीत, लेबल लावून विकता येत नाही. घरचा जुना बन्सी मात्र गावाच्या नावाने शेतकरी वाण म्हणून नोंदवता येतो का ते मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचार. खरं तर संकराच्या आधीच ते करायला हवं होतं. त्याचं पाच किलो शुद्ध बी आजच वेगळं काढ, कडुनिंबाचा पाला घालून, डब्यावर वर्ष लिहून. संकर फसला तरी मूळ राहिलं पाहिजे.

जीए दिल्यावर रोपं मोजताना जमिनीपासून पहिल्या पानाचं पातं सुरू होतं तिथपर्यंतची उंची घे, पानाच्या टोकापर्यंतची नको. आकडे इथे टाक, मी रोज संध्याकाळी बघतो.